जेव्हीत टेंडर भरताना: सातारा-सांगलीतल्या नव्या मक्तेदारांसाठी मार्गदर्शक

एकट्याच्या कागदपत्रांवर बसणार नाही एवढं मोठं काम निघालं की दोन मक्तेदार एकत्र येतात. टेंडर बंद व्हायला चार दिवस उरलेले असतात. पाचशेच्या स्टॅम्पवर दीड पानाचा करार होतो, त्यात ६०:४० लिहिलं जातं आणि सगळे कामाला लागतात. पुढे वाद होतो तो या ६०:४० वरून क्वचितच होतो. पहिलं बिल अडकलेलं असताना डिझेलचे पैसे कोणी भरायचे, एकाच्या क्रशरवरची खडी दुसऱ्याला महाग का वाटते, आणि अभियंत्यांना नेमकं कोणी भेटायचं, यावरून तो होतो.

म्हणून या लेखात नफ्याच्या वाटणीवर मी फारसं लिहिलेलं नाही. ती ठरवायला अर्धा तास पुरतो. जॉइंट व्हेंचर, म्हणजे आपली नेहमीची जेव्ही, टिकणार की मोडणार हे दोन गोष्टींवर ठरतं: बिल हातात पडेपर्यंतच्या महिन्यांत कोण किती पैसे घालणार, आणि साइटवर कोणत्या बाबतीत शेवटचा शब्द कोणाचा. या दोन्ही गोष्टी दर भरण्याआधी कागदावर आल्या पाहिजेत. ज्यांनी जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची लहान कामं केली आहेत आणि आता सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा किंवा महानगरपालिकेच्या मोठ्या टेंडरकडे बघत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आधी तपासा, भागीदार लागतोच का

टेंडरची पात्रता वाचून आपण नेमके कुठे कमी पडतो ते लिहून काढा. उलाढाल, त्याच प्रकारच्या पूर्ण केलेल्या कामाचा अनुभव, यंत्रसामग्री आणि बिड कपॅसिटी (म्हणजे आणखी किती रकमेचं काम घेता येईल ती मर्यादा) या चार ठिकाणी बहुतेक नवे लोक अडतात. बिड कपॅसिटीचं सूत्र ढोबळमानाने असं असतं: गेल्या पाच वर्षांतली सर्वांत जास्त वार्षिक उलाढाल, गुणिले नव्या कामाची मुदत वर्षांत, गुणिले टेंडरमध्ये दिलेला गुणक, आणि त्यातून वजा हातात असलेल्या कामांची त्याच मुदतीत करायची शिल्लक रक्कम. समजा तुमची सर्वांत चांगली उलाढाल ६ कोटी आहे, कामाची मुदत १८ महिने आहे आणि गुणक २ आहे. मग ६ × १.५ × २ म्हणजे १८ कोटी. हातात ७ कोटींची कामं बाकी असतील तर उरले ११ कोटी. काम ९ कोटींचं असेल तर या निकषावर तुम्हाला कोणाचीच गरज नाही.

हा हिशेब न करताच लोक भागीदार शोधायला निघतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. गरज फक्त हॉट मिक्स प्लांटची, म्हणजे खडी-डांबर गरम मिसळणाऱ्या यंत्राची, असेल तर प्लांट भाड्याने घेण्याचा करार करता येतो. टेंडरने यंत्रसामग्री स्वतःच्या मालकीचीच मागितली असेल तर गोष्ट वेगळी. तसंच काही टेंडरमध्ये जेव्हीला परवानगीच नसते. काही ठिकाणी भागीदार किती असावेत, मुख्य भागीदाराचा वाटा किमान किती आणि इतरांचा किती, हे ठरवून दिलेलं असतं. ते कलम सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

भागीदार निवडताना

सांगलीच्या विश्रामबागेत ज्यांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्या वालचंद हिराचंद यांची बांधकामातली सुरुवात भागीदारीतूनच झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते, त्यामुळे तिथल्या कामाची रीत त्यांना माहीत होती. वालचंदांच्या घरी सावकारी आणि व्यापार होता. ज्याच्याकडे जे नाही ते दुसऱ्याने आणलं. नव्या माणसाने भागीदार शोधताना हेच पाहावं. दोघांकडेही पोकलेन आहेत, दोघांकडेही डंपर आहेत आणि दोघांकडेही रोकड नाही, अशी जोडी कागदावर पात्र ठरते आणि तिसऱ्या महिन्यात बसते.

निवडताना चार कागद मागा: गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटीची विवरणपत्रं, आयकराचं २६एएस (आपल्या नावावर कापलेल्या कराचं विवरण) आणि हातातल्या कामांची यादी. २६एएसमध्ये कोणत्या सरकारी खात्याकडून किती बिल निघालं ते दिसतं, त्यामुळे सांगितलेली उलाढाल आणि खरी उलाढाल समोरासमोर येते. जीएसटी वेळेवर भरला जातो का, हेही बारकाईने बघा. त्याचं कारण पुढे सांगतो.

कागदांपेक्षा मला जास्त भरवसा चौकशीचा वाटतो. ज्या क्रशरवरून तो खडी उचलतो, ज्या दुकानातून सिमेंट आणि सळई घेतो, आणि ज्या मुकादमाची माणसं त्याच्याकडे राबतात, त्या तिघांना भेटा. कराड, वाई, विटा, तासगाव, इस्लामपूर (आताचं ईश्वरपूर) कुठेही गेलात तरी ही माणसं एकमेकांना ओळखतात. त्यांना एकच विचारा: बिल अडकलं की हा माणूस काय करतो? फोन बंद ठेवतो, की येऊन सांगतो की दोन महिने थांबा? दुसऱ्या प्रकारच्या माणसाबरोबर जेव्ही करावी. पहिल्या प्रकारच्या माणसाकडे कितीही मोठी मशिनरी असली तरी करू नये.

कोणत्या रूपात एकत्र यायचं

पर्याय तीन-चार आहेत. एकाने काम घ्यायचं आणि दुसऱ्याने त्याचा काही भाग उपकंत्राटदार म्हणून करायचा, यात खात्याशी एकाचंच नातं राहतं. पण बहुतेक करारांत यासाठी खात्याची लेखी परवानगी लागते आणि मर्यादाही असते. दुसरा पर्याय एका कामापुरती जेव्ही. तिसरा पर्याय कायमची भागीदारी फर्म किंवा एलएलपी. पुढची पाच-सात वर्षं एकत्रच काम करायचं असेल तरच तिसरा पर्याय घ्यावा. फर्म केलीत तर १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली नोंदणी करून घ्या. नोंदणी नसलेल्या फर्मला करारातल्या हक्कासाठी दुसऱ्यावर दिवाणी दावा लावता येत नाही.

आणखी एक प्रकार सर्रास चालतो. मोठ्या मक्तेदाराने दोन-तीन टक्के घेऊन नुसतं नाव वापरायला द्यायचं आणि लहान माणसाने सगळं काम करायचं. नव्या माणसाने हे करू नये, असं मी स्पष्ट सांगतो. बिल दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं, अनुभवाचा दाखला दुसऱ्याच्या नावाने निघतो, आणि पुलाचा स्लॅब गळला की निस्तरायला मात्र तुम्ही. आणि ज्याने नाव दिलं त्याचीही सुटका नाही. काम बुडालं तर काळ्या यादीत त्याचंच नाव जातं.

जेव्हीत खात्यापुढे सगळे भागीदार एकत्रितपणे आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे पूर्ण कामाला जबाबदार असतात. तुमचा वाटा ३० टक्के असला तरी दुसरा पळून गेला तर खातं १०० टक्के काम तुमच्याकडे मागू शकतं. ही ओळ नीट पचल्याशिवाय सही करू नका.

काम किलोमीटरने वाटा

काम वाटण्याच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे अंतराने किंवा इमारतींनी वाटणं: ० ते ६ किलोमीटर तुमचे, ६ ते ११ त्यांचे. दुसरी म्हणजे प्रकाराने वाटणं: मातीकाम आणि मोऱ्या तुमच्या, खडीकरण-डांबरीकरण त्यांचं. पहिली पद्धत साधी आहे, हिशेब वेगळा राहतो आणि कोणाचा भाग मागे आहे ते रस्त्यावरून गाडीने गेलं तरी दिसतं. दुसऱ्या पद्धतीत एकाचं काम संपल्याशिवाय दुसऱ्याचं सुरूच होत नाही. मोरी लांबली की पेव्हर (डांबर पसरणारं यंत्र) उभा राहतो, आणि उभ्या पेव्हरचं भाडं कोणाच्या नावावर टाकायचं याचा वाद सुरू होतो.

प्रकाराने वाटायची वेळ येते ती कौशल्य खरंच वेगळं असतं तेव्हा. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेल्या मुंबईच्या अटल सेतूचं एक पॅकेज लार्सन अँड टुब्रो आणि जपानच्या आयएचआय यांनी एकत्र केलं, दुसरं देवू आणि टाटा प्रोजेक्ट्स यांनी. समुद्रावरच्या पोलादी डेकचं तंत्र आपल्याकडे नवीन होतं, त्यामुळे परदेशी भागीदार अपरिहार्य होता. तुमच्या कामात लिफ्ट इरिगेशनचे पंप आणि विजेचा भाग असेल आणि तुम्ही फक्त पाइपलाइन टाकणारे असाल, तर तीच स्थिती. अशा वेळी कोणत्या तारखेला कोणता भाग दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा, हे हस्तांतर नकाशावर आणि तारखांसह लिहा. ताबा देताना दोघांच्या सह्या घ्या.

जिथे काम एकमेकांत गुंतलेलं आहे तिथे परदेशातला एक धडा उपयोगी पडतो. उत्तर समुद्रातल्या अँड्र्यू तेलक्षेत्रावर १९९० च्या दशकात बीपी कंपनीने आपल्या कंत्राटदारांबरोबर एकच लक्ष्य खर्च ठरवला. खर्च त्याखाली राहिला तर बचत सगळ्यांत वाटायची, वर गेला तर भारही सगळ्यांनी उचलायचा. काम ठरल्यापेक्षा कमी खर्चात आणि मुदतीआधी पार पडलं. एकाच्या चुकीचा भुर्दंड दुसऱ्यालाही बसणार असेल तर दुसरा वेळीच मदतीला येतो. दोन गावांच्या मक्तेदारांतही हे करता येतं: मोऱ्या आणि डांबर यांचा मिळून एक खर्च ठरवा आणि बचत वाट्याप्रमाणे वाटा.

पैशांचा तक्ता, दर भरण्याआधी

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी. एक नमुना घेऊ. खटाव किंवा जत तालुक्यातला ८ कोटींचा रस्ता, जीएसटी सोडून, मुदत १० महिने. सरासरी महिन्याला ८० लाखांचं काम. नफा १० टक्के धरला तर महिन्याचा खर्च ७२ लाख.

आता बिल कधी येतं ते बघा. दोन महिने काम झाल्यावर मापं घेतली जातात, ती मोजमाप पुस्तकात चढतात, रनिंग बिल (झालेल्या कामापुरतं बिल) उपविभागातून विभागात जातं, आणि निधी असेल तर निघतं. याला तीन महिने धरा. निधी नसेल तर त्याहून जास्त. थकीत बिलांसाठी राज्यभर मक्तेदारांनी आंदोलनं केली आहेत, त्यामुळे तीन महिने हा आशावादी आकडा आहे. म्हणजे पहिला रुपया हातात पडेपर्यंत पाच महिन्यांचा खर्च घातलेला असतो: ७२ × ५ म्हणजे ३ कोटी ६० लाख. सिमेंट, सळई, डांबर, खडी यांची उधारी ६० लाखांची मिळाली असं समजा. तरी ३ कोटी रोख लागतात. ६०:४० मध्ये तुमचे १ कोटी ८० लाख आणि त्यांचे १ कोटी २० लाख.

हा आकडा टेबलावर ठेवा आणि दोघांनी आपापल्या बँकेची मंजुरी दाखवा. कॅश क्रेडिटची मर्यादा, तिच्यातली वापरलेली रक्कम, आणि दुसऱ्या कामांत अडकलेले पैसे. नफ्यात ४० टक्के मागणारा माणूस १ कोटी २० लाख दाखवू शकत नसेल तर त्याचा वाटा ४० टक्के नाही. हे बोलणं अवघड जातं, विशेषतः नात्यातला किंवा गावातला माणूस असेल तर. पण ते टेंडरआधीच बोलावं लागतं.

शिवाय बिलातून वजावटी होतात. ८० लाखांच्या बिलावर आयकराचा टीडीएस २ टक्के, जीएसटीचा टीडीएस २ टक्के आणि बांधकाम कामगार कल्याणाचा उपकर १ टक्का, मिळून ४ लाख. त्यातला जीएसटीचा टीडीएस तुमच्या रोख खातेवहीत येतो आणि पुढे वापरता येतो, आयकराचा विवरणपत्र भरल्यावर हिशेबात येतो, उपकर मात्र खर्चच. याशिवाय सुरक्षा अनामतीचा हप्ता आणि गौण खनिजाच्या स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) पावत्या कमी पडल्या तर तेही कापलं जातं. मुरूम आणि खडीचे परवाने, पावत्या महिन्याच्या महिन्याला एका फाइलला लावण्याचं काम एका माणसाच्या नावाने ठरवून द्या. बिलाच्या आदल्या दिवशी पावत्या शोधत बसलं की हमखास पैसे कापले जातात.

अंदाजपत्रकापेक्षा फार खाली दर भरला तर जादा अनामतही द्यावी लागते. ती कोण भरणार आणि किती महिने अडकणार, हा खर्चही तक्त्यात धरा. दर किती खाली जायचा याची शेवटची रेघ दोघांनी सही करून ठेवलेली बरी. महाटेंडर्स या राज्याच्या ई-टेंडर संकेतस्थळावर रात्री उशिरा आकडा टाकताना एकट्याने घेतलेला निर्णय दुसरा आयुष्यभर ऐकवतो.

करारात काय असावं

दीड पानाचा करार पुरत नाही. पुढच्या बाबी स्वतःच्या भाषेत, आकड्यांसह लिहा आणि मग वकिलाकडे न्या.

पैसे. बँकेत जेव्हीच्या नावाने एकच चालू खातं, सरकारी खात्याकडून येणारं सगळं बिल त्यातच, आणि दोघांच्या सहीशिवाय पैसे बाहेर नाहीत. मात्र प्रत्येक डिझेलच्या बिलाला दोन सह्या मागितल्या तर काम थांबेल, म्हणून साइट इन्चार्जला आठवड्याची एक मर्यादा ठरवून द्या. एखाद्याने आपला हप्ता वेळेवर घातला नाही तर काय, हे कलम सर्वांत आधी लिहा. माझ्या मते सरळ मार्ग असा: दुसऱ्याने घातलेल्या जादा रकमेवर ठरलेलं व्याज, ते नफा वाटण्याआधी वळतं करायचं, आणि साठ दिवसांत भरपाई झाली नाही तर नफ्यातला वाटा त्या प्रमाणात बदलेल. खात्याला दिलेल्या करारातला वाटा मधेच बदलता येत नाही, त्यामुळे हा बदल फक्त आपसातल्या हिशेबापुरता आहे हेही लिहा.

आतले दर. भागीदाराचा स्वतःचा क्रशर, त्याची हायवा, त्याचा रोलर जेव्हीच्या कामावर लागतो तेव्हा दर काय? इथे जेवढ्या जेव्ही मोडतात तेवढ्या नुकसानीतही मोडत नाहीत. खडी ब्रासने की वजनाने? ब्रास म्हणजे १०० घनफूट, पण गाडीत भरताना आणि साइटवर उतरल्यावर माप सारखं येत नाही, म्हणून मोजायचं कुठे तेही लिहा. पोकलेनचा तास मोजताना डिझेल कोणाचं, ऑपरेटरचा भत्ता कोणाचा, मशीन बंद पडलं तर तास धरायचे का? दर बाजारभावाशी बांधायचा असेल तर जवळच्या दुसऱ्या दोन क्रशरचे दर तीन महिन्यांनी घ्या आणि त्यातला कमी तो धरा. मशीनची लॉगशीट रोज संध्याकाळी दोघांच्या माणसांनी सही करून भरायची.

शब्द कोणाचा. खात्याशी पत्रव्यवहार, मापं देणं आणि बैठकांना जाणं एकाच अधिकृत प्रतिनिधीने करायचं, त्याला मुखत्यारपत्र द्यायचं. पण त्याने दिलेलं प्रत्येक पत्र त्याच दिवशी दुसऱ्याला पोहोचलं पाहिजे. काही निर्णय मात्र एकट्याचे नकोत: जादा बाबींचे दर मान्य करणं, मुदतवाढ मागणं, उपकंत्राटदार नेमणं, ठरलेल्या रकमेपेक्षा मोठी खरेदी. सार्वजनिक बांधकामच्या छापील बी-१ करारातल्या कलम ३८ नुसार एखाद्या बाबीचं परिमाण १२५ टक्क्यांच्या पुढे गेलं की पुढच्या परिमाणाचा दर वेगळा ठरतो. तिथे एका भागीदाराने घाईत होकार दिला तर दुसऱ्याचा सगळा नफा जाऊ शकतो.

बँक गॅरंटी. बहुधा एकाचीच बँक गॅरंटी देते आणि त्याचीच मालमत्ता तारण राहते. त्याला कमिशनचा खर्च जेव्हीने द्यावा आणि दुसऱ्याने आपल्या वाट्याएवढी उलट हमी लेखी द्यावी.

माणसाचं काही झालं तर. आपल्याकडे बहुतेक फर्म एका माणसावर किंवा एका घरावर उभ्या असतात. भागीदाराचा मृत्यू झाला, आजारपण आलं, घरात वाटणी झाली, तर काम कोण पुढे नेणार, वारसांना काय मिळणार आणि त्यांना कामात बोलायचा हक्क असेल की फक्त हिशेबाचा, हे नावानिशी लिहा. हे कलम काढलं की लोक अशुभ बोलू नका म्हणतात. त्यांना शांतपणे सांगावं की हे तुमच्या बायकामुलांसाठीच आहे.

नोंदणी आणि कर

इथे थोडक्यात सांगतो, कारण हे काम सीएकडे द्यायचंच आहे. जेव्हीचं वेगळं पॅन, जीएसटी क्रमांक, भविष्यनिर्वाह निधी, कामगार परवाना आणि विमा, सगळं जेव्हीच्याच नावाने हवं. शासकीय कामाचा विमा राज्याच्या विमा संचालनालयाकडून घ्यायची अट असते, ती पाहा.

दोन मुद्दे सीएला आवर्जून विचारा. पहिला आयकराचा. जेव्हीला वेगळी करपात्र व्यक्ती धरायचं की प्रत्येकाने आपापल्या भागाचा कर भरायचा? केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं ७ मार्च २०१६ चं परिपत्रक क्रमांक ७ यावर आहे. टर्नकी स्वरूपाच्या, म्हणजे सगळं काम पूर्ण करूनच ताब्यात द्यायच्या, कामांत प्रत्येक सदस्य आपला भाग स्वतःच्या माणसांनी, स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या जोखमीवर करत असेल, नफातोटा एकत्र नसेल, आणि एकत्र व्यवस्थापन फक्त समन्वयापुरतं असेल, तर सदस्यांचा वेगळा विचार होतो. म्हणजे काम किलोमीटरने वाटायचं की एकत्र करायचं, याचा करावरही परिणाम होतो. दुसरा जीएसटीचा. जेव्ही खात्याला १८ टक्क्यांनी बिल देते आणि भागीदार जेव्हीला १८ टक्क्यांनी. भागीदाराने आपलं विवरणपत्र वेळेत भरलं नाही तर जेव्हीचं इनपुट क्रेडिट (आधी दिलेल्या जीएसटीची वजावट) अडकतं आणि तेवढी रोकड दुसऱ्याच्या खिशातून जाते. भागीदार निवडताना जीएसटी पाहायला सांगितलं ते यासाठी.

साइट सुरू झाल्यावर

आपल्या दोन जिल्ह्यांत एकच वेळापत्रक चालत नाही. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरात जूनपासून काम जवळपास बंद. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जतमध्ये ५०० च्या आसपास. तिकडे पावसाळ्यातही काम चालतं, पण दबाईला आणि क्युरिंगला पाणी टँकरने आणावं लागतं. हा टँकर दरात धरला नसेल तर तो दोघांच्या मधे येऊन उभा राहतो. वाळवा, मिरज, पलूसच्या काळ्या जमिनीत पहिल्या पावसानंतर डंपर आत जात नाही, म्हणून भराव आणि मोऱ्या मेअखेर झाल्याच पाहिजेत.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर आणि मजूर उसाकडे वळतात, मार्चपर्यंत. आणि चैत्रात गावोगावच्या यात्रा, म्हणजे गवंडी आणि सेंट्रिंगवाले आठ-दहा दिवस गावी. दोन्ही भागीदारांनी मुकादमाला वेगवेगळी उचल देऊन माणसं ओढायला सुरुवात केली की मजुरीही वाढते आणि मनंही दुखावतात. मुकादम एकच ठेवा, उचल जेव्हीच्या खात्यातून द्या.

कृष्णाकाठच्या कामाला सामानाचा साठा कुठे ठेवायचा, हा निर्णय दोघांचा असावा. सांगलीत आयर्विन पुलावर ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं. कोणत्या पातळीला मशीन हलवायची, कोण हलवणार आणि गाडी कोणाची, हे जूनमध्येच ठरवून साइट ऑफिसात लावा. विम्याच्या दाव्याला साठ्याची नोंद लागते, म्हणून सिमेंट-सळईचं रजिस्टर रोजचं रोज भरलेलं हवं.

आठवड्यातून एक ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, साइटवरच बैठक. किती काम झालं, किती पैसे गेले, पुढच्या आठवड्याला काय लागणार, खात्याकडून कोणतं पत्र आलं. दोन पानांची टिपणी, दोघांच्या सह्या. फोनवर सगळं बोलणं होतंच की, असं वाटतं. पण सहा महिन्यांनी फोनवरचं कोणालाच आठवत नाही.

मापं घेताना दोघांचीही माणसं शाखा अभियंत्यांबरोबर हजर हवीत. काँक्रीटचे क्यूब (चाचणीचे ठोकळे) वेळच्या वेळी काढा: आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ५ घनमीटरपर्यंत १ नमुना, ६ ते १५ ला २, १६ ते ३० ला ३, ३१ ते ५० ला ४. क्यूबवर तारीख आणि कोणाच्या भागातला ते लिहा. चाचणीत नापास झालेलं काम ज्याचं त्यानेच स्वखर्चाने काढून पुन्हा करायचं, हा नियम पहिल्या दिवशी मान्य झाला तर पुढे आवाज चढत नाहीत.

तेढ आली तर

तेढ येतेच. ती कोणत्या पायऱ्यांनी सोडवायची हे करारात हवं. आधी साइटवरच्या दोघांनी सात दिवसांत. नाही जमलं तर दोन मालकांनी पंधरा दिवसांत. त्यानंतर दोघांना मान्य असलेला एक जाणता माणूस, शक्यतो निवृत्त अभियंता, ज्याला मोजमाप पुस्तक वाचता येतं. त्याचं नाव आधीच ठरवा, भांडण झाल्यावर कोणाच्याही नावावर एकमत होत नाही. शेवटी १९९६ च्या लवाद कायद्याप्रमाणे लवाद, आणि ठिकाण सांगली किंवा सातारा असं लिहून ठेवा, नाहीतर तारखांना पुण्या-मुंबईला जावं लागेल. वाद चालू असतानाही काम थांबणार नाही, ही ओळ विसरू नका. काम थांबलं की खात्याकडून विलंबाचा दंड सुरू होतो आणि तो दोघांनाही भरावा लागतो.

काम संपल्यावर

पूर्णत्वाचा दाखला घेताना त्यात जेव्हीचं नाव, प्रत्येकाचा वाटा आणि शक्य असेल तर प्रत्येकाने केलेल्या बाबींची परिमाणं नोंदवून घ्या. पुढच्या टेंडरला बहुधा वाट्याच्या प्रमाणातच अनुभव धरला जातो. दाखल्यात वाटा नसला तर जेव्ही करण्याचं अर्धं कारण वाया जातं. अर्ज लगेच करा, अधिकारी बदलून गेल्यावर जुनी फाइल उघडायला फार चकरा होतात.

दोष दायित्वाचा काळ, म्हणजे काम संपल्यावरही त्यातले दोष आपल्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत, हा नव्या लोकांच्या लक्षात न येणारा भाग. प्रधानमंत्री ग्रामसडकसारख्या योजनांत पाच वर्षं रस्ता सांभाळायचा असतो. तोवर नफा वाटून झालेला असतो, भागीदार दुसऱ्या तालुक्यात असतो आणि खड्ड्याची नोटीस जेव्हीच्या पत्त्यावर येते. म्हणून अंतिम बिलातून एक रक्कम मुदत ठेवीत टाका, दोघांच्या नावाने, आणि देखभाल कोण करणार व दर वर्षी किती रुपये त्याला मिळणार हे ठरवा. बँक खातं, पॅन, जीएसटी क्रमांक घाईने बंद करू नका. सुरक्षा अनामत परत येते ती त्याच नावाने आणि त्याच खात्यावर.